रविवारची गाडी आणि बाकीचे सहा दिवस

रोजची गाडी चोरीला गेली तर सकाळी ऑफिसला निघताना कळतं. शौकाची गाडी गेली तर कळायला पुढचा रविवार उजाडतो. पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेली जुनी जिप्सी असो, काँटेसा असो, पॅलिओ १.६ असो, ऑक्टाविया आरएस असो की बाहेरून आणलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. तिला महागपणापेक्षा जास्त धोका आहे तो आठवडाभर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही याचा. बाजारातली बहुतेक उपकरणं रोज चालणाऱ्या गाडीसाठी बनवलेली असतात. उभ्या गाडीत ती एकेक करून निकामी होतात आणि मालकाला पत्ताही नसतो.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी लॉक करून ठेवली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर करंट खात असतात. ५० धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी अठरा-एकोणीस दिवसांत निम्मी होते आणि तिचं वय झालं असेल तर तेवढ्यातच सेल्फ मारत नाही. मग मालक काय करतो? निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतो. बॅटरी वाचते, पण सायरन मुका होतो आणि ट्रॅकर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर काही तास तग धरून झोपी जातो. म्हणजे चोराने जे काम करायचं ते मालकानेच आधी करून ठेवलेलं असतं.

यावर सरळ उपाय म्हणजे पार्किंगमध्ये प्लग आणि एक अँपिअरच्या आसपासचा मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी भरली की आपोआप करंट कमी करणारा. साधा चार्जर नको. तो महिनाभर लावून ठेवला तर बॅटरीतलं पाणी उकळून आटवतो. सोसायटी प्लग देत नसेल तर आठवड्यातून एकदा ३०-४० मिनिटं गाडी खरोखर चालवा. जागेवर दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याने फार काही भरून निघत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

दुसरी अडचण हँडब्रेकची. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी तीन आठवडे उभी राहिली की मागचे लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून जाणकार लोक हँडब्रेक सोडून गिअर टाकून ठेवतात. ब्रेकच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण अशी गाडी टोइंगवर घ्यायला सोपी असते. इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर ती उचलली की मागची आपोआप गडगडत येतात. भर दुपारी टोइंगची गाडी येऊन एखादी कार उचलून गेली तर कोण विचारणार? म्हणून हँडब्रेक सोडायचा असेल तर इंजिन ज्यांना फिरवत नाही त्यांतल्या एका चाकाला क्लॅम्प लावा: पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मागे, मागच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढे. क्लॅम्प घेताना तो नटांवर झाकण घालणारा घ्या, नाहीतर चाक काढून क्लॅम्पसकट बाजूला ठेवता येतं. आणि क्लॅम्प लावलेला विसरून गाडी काढली की मडगार्डचा चेंदामेंदा होतो, म्हणून स्टिअरिंगला एक लाल फडकं बांधून ठेवा.

गिअर लॉक आपल्याकडे सर्रास बसवतात आणि तो वाईट नाही, फक्त बसवणाऱ्याकडे लक्ष ठेवा. कंस पक्का करणारे बोल्ट डोकं तुटून पडणारे असायला हवेत. साध्या षटकोनी डोक्याचे असले तर दहा-बारा नंबरच्या पान्याने दोन मिनिटांत अख्खा लॉक हातात येतो. स्टिअरिंगला लावायचा दांडा दिसतो छान. पण स्टिअरिंगची रिंग आतून पातळ असते आणि ती कापली की दांडा आपोआप सुटतो. तरी लावा. काचेतून दिसतो, आणि शेजारची गाडी सोपी वाटावी एवढंच त्याचं काम. शेजाऱ्याला सांगू नका म्हणजे झालं.

आता चोरस्विच. चोरखिसा असतो तसा. वायरमन त्याला किल स्विच म्हणतात. पैशाच्या मानाने यासारखं दुसरं काही नाही, आणि बिघडवून ठेवण्याचं प्रमाणही यातच सर्वांत जास्त. आधी ठरवा काय तोडायचं. सेल्फची वायर तोडली तर मॅन्युअल गाडी ढकलून सुरू होते, त्यामुळे तो उपाय ऑटोमॅटिकपुरता. पेट्रोल इंजेक्शनच्या मॅन्युअल गाडीत इंधनपंपाची वीज तोडावी. गाडी लाइनमधल्या उरलेल्या दाबावर सुरू होऊ शकते आणि काही सेकंदांत फडफडून बंद पडते. चोर गेटपाशी अडकतो, आणि बिघाड कसला ते शोधायला थांबणं त्याला परवडत नाही.

पंपाच्या मुख्य वायरीत स्विच घालू नका. तिथून पाच ते आठ अँपिअर सतत वाहतात. हलका स्विच तापतो, आतला पत्रा काळा पडतो आणि एक दिवस खंडाळ्याच्या चढावर गाडी आचके देऊ लागते. पंपाला वीज देणारा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, असतो; त्याच्या कॉइलची वायर तोडून तिथे स्विच घाला. साध्या चार पिनांच्या रिलेत ३० आणि ८७ हे लोडचे पिन, ८५ आणि ८६ कॉइलचे. कॉइलला लागतो जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर, म्हणून ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर पुरते आणि ती गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये, वायरींच्या जुडग्यात, लपवता येते. पिनांची जागा गाडीगणिक बदलते, तेव्हा मल्टिमीटर लावल्याशिवाय कात्री लावू नका. पिवळ्या वेष्टणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हातही नको.

स्विच डॅशबोर्डखाली लावला की तो चोराला पहिल्या दहा सेकंदांत सापडतो. त्यापेक्षा रीड स्विच आणि लोहचुंबक ही जोडी बघा. रीड स्विच प्लास्टिकच्या ट्रिममागे चिकटवायचा. बाहेरून काहीच दिसत नाही. किल्लीच्या गुच्छातला चुंबक त्या जागी क्षणभर टेकवला की सर्किट जुळतं. ते जुळलेलं राहावं म्हणून एक जास्तीचा रिले लागतो: ३० ला इग्निशनचा पॉझिटिव्ह, ८७ वरून पंपाच्या रिलेची कॉइल आणि याच रिलेची स्वतःची कॉइल, दोन्ही, रीड स्विच ३० आणि ८७ यांच्यामध्ये. एकदा टेकवलं की रिले स्वतःला धरून ठेवतो आणि किल्ली बंद केली की सोडतो. स्विच बंद करायला विसरायची भानगडच नाही. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, सेल्फ मारताना ज्या वायरीचा करंट तुटतो अशा वायरीवरून ३० ला पुरवठा घेतला जातो. मग रिले प्रत्येक वेळी सुटतो. दुसरी, डायोड लावला जात नाही. रीड स्विच साधारण अर्ध्या अँपिअरचा नाजूक जीव. कॉइल बंद होताना येणारा उलटा झटका त्याच्या पट्ट्या चिकटवून टाकतो. प्रत्येक कॉइलवर एक वन एन ४००७ डायोड, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. जोड सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा. काळ्या टेपचा चिकटा एप्रिलच्या उन्हात वितळतो आणि वायर उघडी पडते.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पंप यांत्रिक असतो, तिथे हे चालत नाही. स्पार्क देणाऱ्या इग्निशन कॉइलचा पॉझिटिव्ह तोडला तर बॅटरीवरून थेट वायर टाकून चोर तो वळसा मारू शकतो. प्लॅटिनम पॉइंट असलेल्या इग्निशनमध्ये कॉइलचा डिस्ट्रिब्युटरकडचा टर्मिनल एका बारीक वायरीने बॉडीला टेकवणारा स्विच लावा. मग पॉइंट उघडले तरी इंजिनाला ते बंदच वाटतात, स्पार्क पडत नाही, आणि वरून वायर टाकूनही उपयोग होत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं असेल तर मात्र ही युक्ती करू नका, कॉइल जळते.

नव्या, बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांचं दुखणं वेगळं. गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते, किल्ली ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. दोन चोर दोन पेट्या घेऊन आले, एक दाराशी आणि एक गाडीपाशी, की घरातल्या बुटांच्या कपाटावरची किल्ली गाडीशेजारी आल्यासारखी वाटते. किल्ली धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवावी, पण ते अस्तर घडीवर तडकतं, म्हणून महिन्यातून एकदा पाकीट खिशात ठेवून दाराचं हँडल ओढून बघा. उघडलं तर पाकीट फेका. जास्तीची किल्लीही पाकिटातच हवी. ती उघडी राहिली तर सगळं मुसळ केरात. काही गाड्यांत कीलेस एंट्री सेटिंगमधून बंद करता येते, आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला ती सोय हवीच कशाला?

याहून पुढची चाल २०२२ मध्ये लंडनला दिसली. इयन टेबर या गाड्यांच्या सुरक्षेवरच काम करणाऱ्या माणसाची टोयोटा आरएव्ही-४ गेली. त्याआधी बंपर ओढून हेडलाइटचा प्लग काढलेला दोनदा आढळला होता. केन टिंडेल यांनी २०२३ मध्ये उलगडा मांडला: हेडलाइटच्या वायरीतून गाडीच्या कॅन जाळ्यात, म्हणजे गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या वायरींत, शिरून ‘किल्ली बरोबर आहे’ असा खोटा निरोप घातला जातो. हे यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या डब्यात लपवलेलं होतं. दिव्याखाली अंधार, तो असा. तेव्हा चाकाच्या वरचं प्लास्टिकचं लायनर सुटलेलं किंवा हेडलाइटची फट वाढलेली दिसली तर उंदराला दोष देण्याआधी सीसीटीव्ही बघा. अशा चालीसमोर किल्लीचं पाकीट बिनकामाचं, वर सांगितलेला पंपाचा स्विच मात्र उभा राहतो.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर स्कॅनर लावून किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते बघा. हातात दोन आणि नोंद तीन असेल तर सगळ्या पुसून नव्याने दोनच कोड करून घ्या.

ट्रॅकर घेताना फोर-जी आणि स्वतःची बॅटरी असलेला घ्या, आणि सिमचं रिचार्ज कधी संपतं ते फोनमध्ये टाकून ठेवा; निम्मे ट्रॅकर याच कारणाने मेलेले असतात असं म्हटलं तरी चालेल. पत्र्याच्या आड लावू नका, डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली किंवा मागच्या पार्सल ट्रेखाली आकाश दिसतं. शक्य असेल तर दुसरा, वायर नसलेला, हलल्यावरच जागा होणारा ट्रॅकर सीटच्या फोममध्ये घाला. एअरटॅग स्वस्त आहे, पण सोबत फिरणाऱ्या अनोळखी टॅगची सूचना तो चोराच्या फोनवरही पाठवतो. ती सूचना जाईपर्यंत पहिली दिशा कळते, त्याहून जास्त अपेक्षा नको.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण कंटाळवाणं असलं तरी पैसे इथेच अडकतात. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि एजंट टाकेल तो आकडा बहुतेक लोक मान्य करतात. लाखोंचं काम करून घेतलेल्या गाडीवर दीड लाखाची आयडीव्ही असते. फोटो, बिलं आणि मूल्यांकन देऊन आकडा वाढवून घ्या. चासिस नंबरची पेन्सिलने काढलेली छाप फाइलमध्ये ठेवा. एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक उपकरणावर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट आहे. उपकरण त्यासाठी घेऊ नये, पण घेतलं असेल तर मागावी. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक गाडीतच राहिली होती असं निघालं तर भांडण ठरलेलं.

गाडी गेली आहे हे लक्षात आलं की आधी शेजारच्या रस्त्यावर टोइंगने उचलली नाही ना ते वाहतूक पोलिसांकडे विचारा, मग ११२ आणि लगेच एफआयआर. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला एफआयआर, मागा, तशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. फास्टॅग घाईने बंद करू नका: चोराने तो फाडला नसेल तर खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर पैसे कापल्याचा एसएमएस हा सगळ्यांत खरा साक्षीदार ठरतो. ई-चलनही रोज तपासा. तपासात काही सापडलं नाही तर पोलीस ‘ए समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. न्यायालयाने ती मंजूर केल्याची प्रत विमा कंपनीला लागते.

आणि सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करू या हमीवर, सोडवायचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा, कारण एका पावसाळ्यात तिथे उभ्या गाडीचे लायनर, टायर आणि वायरिंग तिन्ही जातात. ताबा घेताना ती चालवत आणू नका. चासिस नंबर आधी फाइलमधल्या छापेशी ताडून बघा, टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून तपासा, आणि गाडी फ्लॅटबेडवर घालूनच गॅरेजला न्या.