जुना लॅपटॉप दुसऱ्या कॉम्प्युटरचा मॉनिटर म्हणून

पहिली चूक बहुतेक जण एकच करतात: दोन्हीकडच्या एचडीएमआय पोर्टमध्ये केबल खुपसून वाट बघत बसतात. काही दिसणार नाही. लॅपटॉपचा तो पोर्ट चित्र बाहेर पाठवतो, आत घेत नाही. (मोजके अपवाद सोडा.)

दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर वायफायवर फुकटात काम होतं. ज्याचा स्क्रीन वापरायचा, त्यावर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'वायरलेस डिस्प्ले' टाका. मग 'सिस्टम'मधल्या 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी'मध्ये परवानगी द्या आणि 'कनेक्ट' ॲप (विंडोज ११ वर त्याचं नाव 'वायरलेस डिस्प्ले' असू शकतं) उघडं ठेवा. मुख्य कॉम्प्युटरवर विंडोज+के दाबून लॅपटॉपचं नाव निवडा, नंतर विंडोज+पी दाबून 'एक्स्टेंड', म्हणजे डेस्कटॉप दोन्ही स्क्रीनवर पसरेल.

नावच दिसत नसेल तर आधी व्हीपीएन बंद करा, मग नेटवर्क 'पब्लिक'ऐवजी 'प्रायव्हेट' आहे का बघा. वायफाय कार्ड किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिराकास्ट (वायफायवरून स्क्रीन पाठवायची पद्धत) चालवत नसेल तर मात्र हा नाद सोडा. काही डेस्कटॉपना वायफायच नसतं, तिथे बरेच जण अडकतात.

माऊस किंचित मागे रेंगाळतो. मेल, चॅट, पीडीएफ उघडी ठेवायला ठीक, गेमसाठी नाही.

बायोसचा स्क्रीनही (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा) बघायचा असेल तर यूएसबी कॅप्चर कार्ड घ्या; ते एचडीएमआयचं चित्र यूएसबीतून आत घेतं. मुख्य कॉम्प्युटरची एचडीएमआय केबल कार्डात, कार्ड लॅपटॉपच्या यूएसबीत, आणि लॅपटॉपवर ओबीएस या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' जोडा. यूएसबी २.० वाल्या कार्डात चित्र दाबून पाठवलं जातं, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. आणि एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) लावलेला सिनेमा लावलात तर नुसता काळा चौकोन दिसेल. कार्ड बिघडलेलं नसतं.