आमना काका आणि इटली

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या अमळनेर तालुक्यात वर्ग अर्धा ओस पडतो. त्या दिवशी अकरावीत जेमतेम चौदा जण होते. त्यात गावोगावी ग्रामपंचायतीची पॅनलं ठरत होती, त्यामुळे आलेल्यांचंही लक्ष फळ्यावर नव्हतं. विषय पहिलं महायुद्ध. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा १८८२चा त्रिराष्ट्र करार सांगून झाला. मग वीस वर्षांपासूनचं माझं ठरलेलं वाक्य आलं: ‘युद्ध पेटल्यावर इटलीने दगा दिला.’

मागून आवाज आला, “सर, इटली त आमना काकासारखी शे!”

वर्ग हसला. काकांनी एका पॅनलचा नारळ फोडला होता आणि परवा ते दुसऱ्या पॅनलच्या बैठकीत चहा पीत होते. तिकडून उपसरपंचपदाचा शब्द मिळाला होता म्हणे.

मी खडू ठेवला. म्हटलं, चला, आज काकांचाच निवाडा करू. इटलीचा चहा लंडनला झाला, २६ एप्रिल १९१५ रोजी, आणि तोही गुपचूप. ब्रिटन, फ्रान्स, रशियाच्या बाजूने महिन्याभरात युद्धात उतरायचं. बदल्यात ट्रेंटिनो, ट्रिएस्ट, इस्ट्रिया, डाल्मेशियाचा तुकडा. हे सगळं ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं. ऑस्ट्रियाशीही इटलीची घासाघीस चालूच होती, पण स्वतःच्या सातबाऱ्यातून कोण किती देणार? २३ मे रोजी इटलीने जुन्या मित्रावरच युद्ध पुकारलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी कधीच बोलत नाही. ती म्हणाली, “पण सर, पहिल्या करारात लिहिलं काय होतं?”

मी अडखळलो. करार बचावाचा होता. कुणी चालून आलं तरच मदत. आणि १९१४मध्ये सर्बियावर तर ऑस्ट्रियाच चालून गेला होता, इटलीला विश्वासात न घेता. इटली तेव्हा तटस्थ राहिली, ते कलमाला धरूनच होतं.

“मग दगा १९१५चा, १९१४चा नाही,” ती म्हणाली आणि वहीतलं माझं वाक्य खोडलं. मीही खोडलं.

“काय भेटनं मग इटलीले?” काकांच्या पुतण्याला तेवढंच हवं होतं. ट्रेंटिनो, ट्रिएस्ट मिळालं. पण युद्धानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेत डाल्मेशियावर अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन अडून बसले, इटलीला वर फ्यूमे बंदरही हवं होतं. एप्रिल १९१९मध्ये पंतप्रधान ओर्लांदो बैठक सोडून रोमला निघून गेले.

पोरगं खूश. “आमना काका बी काल मिटिंगमाईन असाच उठीसन उना, सर.”