डेब्रिज दिसतंय हो, पण सर्व्हे नंबर सांगा

आधीच सांगून टाकते. कुणी तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनात, डेब्रिज टाकताना दिसलं आणि तक्रार करायची हुक्की आली, तर आधी त्या जागेचा सर्व्हे नंबर, म्हणजे महसुली दप्तरातला जमिनीचा क्रमांक, शोधा. फोटो नंतरही निघतात, डेब्रिज कुठे पळून जात नाही. मला हे कळायला साडेचार महिने आणि अकरा हाफ डे लागले. मार्चमध्ये बँकेत हाफ डे मागणं म्हणजे काय, ते बँकवाल्यांनाच ठाऊक.

मी नेरूळला राहते. सकाळी पामबीच रस्ता ओलांडून खाडीकडे चालायला जाते. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी कच्च्या वाटेच्या कडेला ढीग दिसला. निळ्या फुलांच्या टाइल्स, पीओपीचे तुकडे, फुटका कमोड, आणि कुणाच्या तरी दाराची पाटी, आडनाव अर्ध्यात तुटलेलं. कुठल्यातरी जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालू असणार. आठवडाभरात त्या ढिगाचा बांध झाला, आणि तोही नेमका भरतीचं पाणी आत येतं त्या ओहोळाच्या तोंडावर.

ज्यांना वाटतं की झाड तोडलं तरच गुन्हा, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. दिवसातून दोनदा पाणी येऊन जायला हवं. पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं. नको असलेलं मीठ झाड असं पानातून बाहेर टाकतं. वाट बुजली, मुळं राड्याखाली गेली की कुऱ्हाड न लावता झाड मरतं. पानं पिवळी पडतात, मग नुसत्या काड्या उरतात. मग कुणीतरी म्हणतं, इथे कुठे कांदळवन आहे? मग पत्र्याची शेड उभी राहते आणि पुढे पार्किंग.

तक्रार करणं सोपं होतं. मोबाइलवर पाच मिनिटांत झाली, टोकन नंबर आला, आणि चौथ्या दिवशी ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेजही आला. त्याच सकाळी ढीग आणखी दोन डंपरांनी वाढला होता.

मग मी कार्यालयं चढायला लागले. कुणाचं नाव घेत नाही; सगळ्यांनी पाणी विचारलं, बसायला खुर्ची दिली, एकही जण उद्धट बोलला नाही. उद्धट बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

पहिल्या ठिकाणी साहेबांनी फोटो झूम करून पाहिले. “फारच वाईट. पण मॅडम, ही जागा आमच्याकडे येत नाही.” दुसऱ्या ठिकाणी, “आमच्याकडे होती, पण आता हस्तांतरित झाली असेल. सर्व्हे नंबर काय?” तिसऱ्या ठिकाणी, “आमच्याकडे कांदळवनाच्या नंबरांची यादी आहे. नंबर यादीत असेल तर उद्याच माणूस पाठवतो. सर्व्हे नंबर काय?” मी म्हटलं, सीवूड्सच्या पलीकडे, अमुक सेक्टरच्या मागे. ते हसले. “सेक्टरला सर्व्हे नंबर नसतो.” चौथ्या ठिकाणी मी नकाशा मागितला. “कुठल्या नंबरचा?” म्हटलं, नंबर कळावा म्हणून तर नकाशा हवाय. “नकाशाच्या नकलेसाठी अर्जात नंबर लिहावा लागतो.” रकाना दाखवला त्यांनी. खरंच होता रकाना, आणि शेजारी फुली, म्हणजे भरणं सक्तीचं.

या चार टेबलांमध्ये मी मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत फिरत होते. एकाने मध्येच विचारलं, “अभयारण्यात येतं का?” नाही येत. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत. २०१५ साली झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलं. आमचा पट्टा वाशी पुलाच्या दक्षिणेला. फ्लेमिंगो अर्थातच पुलाची हद्द पाळत नाहीत, पण फाईल पाळते.

हा घोळ मुळात का, ते नंतर कळलं. नवी मुंबईत आपण सगळे सेक्टर आणि प्लॉट नंबरात राहतो. १९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन शहर बसवायचं ठरलं. पत्ते नवे झाले, पण महसुली दप्तर गावाच्याच नावावर राहिलं. माझ्या बिल्डिंगखाली कुठल्या गावाचं कुठलं शेत आहे हे मला बत्तीस वर्षांत एकदाही विचारावं लागलं नव्हतं. त्यात कांदळवनाच्या जमिनी टप्प्याटप्प्याने वनखात्याकडे द्यायच्या, आणि त्याही नंबरनिहाय. म्हणजे तिवराचं झाड कुणाचं हे झाडाकडे बघून ठरत नाही.

सरकारी भूनकाशाची वेबसाइट आहे, हे मला माहीत होतं. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नकाशा उघडतो. पण त्यावर ना रस्ता, ना इमारत, ना खाडीचं पाणी. नुसत्या रेघा आणि आकडे. जीपीएस कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवर अक्षांश-रेखांश छापून आले होते, ते या रेघांना कुठे लावायचे? मुलाने एक रविवार घालवून उपग्रहाचा फोटो त्याच्यावर चिकटवून पाहिला. एकदा ढीग खाडीच्या मधोमध आला, एकदा रेल्वेलाइनवर.

मग माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि लिहिलं, ‘सोबतच्या अक्षांश-रेखांशावरील जागा कोणत्या गावाच्या कोणत्या सर्व्हे नंबरमध्ये येते व ती कोणाच्या ताब्यात आहे?’ मुदत तीस दिवसांची. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ: ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’

पत्र वाचून मी डबा न खाता टेबलावर बसून राहिले. नंतर माहिती अधिकार कोळून प्यायलेल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, अगं, प्रश्न विचारायचाच नसतो. जो कागद त्यांच्या कपाटात आहे त्याची प्रत मागायची. ‘अमुक गावातील कांदळवन म्हणून अधिसूचित सर्व्हे नंबरांच्या यादीची प्रत’, असं. आणि आमच्याकडे येत नाही म्हणाले तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे अर्ज पाठवायचं काम त्यांचं, तुमचं नाही. हे मला फेब्रुवारीत कळलं असतं तर निम्मे हाफ डे वाचले असते. तसा दुसरा अर्ज मी टाकला, पण त्याचं उत्तर यायच्या आतच नंबर भलतीकडून मिळाला.

आमच्याकडे रविवारी करावे गावातून मासळीवाली मावशी येते. मे महिन्याचा शेवट असेल. बोयटं निवडताना माझं लक्ष नव्हतं. “बाय, आज भाव पन नाय केलास. काय झयला?” मी सगळं रामायण सांगितलं. तिने जागा विचारली. मी सांगितली. तर म्हणाली, तो तर आमचा खाजन (खाडीकाठची खारजमीन). सासऱ्यांना विचार.

त्याच संध्याकाळी गेले. तिच्या सासऱ्यांचं वय ऐंशीच्या पुढे, ओट्यावर बसले होते. मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. त्यांनी डेब्रिजकडे पाहिलंच नाही, मागे चिखलात दोन काळे दगड होते, त्यावर बोट ठेवलं. “ही उघाडी.” खारजमिनीला बांध असायचा, बांधाला उघाडी; भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही आणि पावसाचं पाणी निघून जातं. बांध कधीच गेला, झडप गेली, दगड राहिले. मी त्या दगडांवर बसून बुटांतली वाळू झटकत असे.

“नंबर पायजे नं? आमचा नंबर मना अजून पाठ हाय.” आणि त्यांनी सांगितला, हिश्श्यासकट. तरी मी बँकवाली, कागद मागितला. आतून पत्र्याची पेटी आली, पेटीतून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून पिवळी पडलेली भूसंपादनाची नोटीस. घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. त्यावर नंबर, क्षेत्र, सगळं. ज्या नंबरासाठी मी चार कार्यालयांत चपला झिजवल्या तो नंबर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर एका पेटीत होता. जमीन गेली त्यांनाच तो लक्षात ठेवावा लागला. फोटो काढू का विचारलं. “काड. पन कागूद नेऊ नको.”

पुढचं भराभर झालं. नंबर टाकून महाभूमीच्या वेबसाइटवरून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत काढला. त्यातल्या ‘इतर हक्क’ रकान्यात हव्या त्या नोंदी होत्या. नवा अर्ज केला आणि या वेळी एकच अर्ज सगळ्यांच्या नावाने: महापालिका, सिडको, वनखात्याचा कांदळवन कक्ष, तहसीलदार, आणि कोकण भवनात विभागीय आयुक्त. प्रत्येकाकडे पोच घेतली, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. कुणाला किती प्रती गेल्या हे अर्जाच्या खाली स्पष्ट दिसू द्या. मग कुणी ‘दुसऱ्यांकडे जा’ म्हणत नाही, कारण दुसऱ्यांकडे आधीच गेलेलं असतं.

आणि अर्जात १७ सप्टेंबर २०१८ ची तारीख घाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या दिवशीच्या निकालात कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा, जमीन कुणाच्याही मालकीची असो, त्यात भराव नाही, बांधकाम नाही, राडारोडा नाही, असं आहे. कुणाच्याही मालकीची असो! म्हणजे ढीग थांबवायला नंबराची गरजच नव्हती. हे मी तिसऱ्या टेबलावर म्हणाले असते तर काय झालं असतं? काही नाही. रकान्यात नंबरच लागला असता.

तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी नंबर वाचून वर पाहिलं. “हा कुठून आणलात?” त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला बढतीच्या पत्राने झाला नव्हता. त्यांनी नकाशा पसरला, पट्टी लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं डेब्रिज दोन नंबरांत आहे.” उघाडीच्या अलीकडचा निम्मा ढीग एका नंबरात, पलीकडचा दुसऱ्यात. एक त्यांच्या यादीत, दुसरा नाही. म्हणून संयुक्त पाहणी.

पाहणीचं पत्र आलं तेव्हा तारीख मावशीला दाखवली. तिने बोटांवर मोजलं. “त्या दिसा आवस हाय, दुपारी सगला पान्याखाली.” अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे बारा-साडेबाराला भरती भरते, आणि पाहणी होती साडेअकराची. साहेब लोक आले असते, पाणी बघून परत गेले असते, आणि ‘प्रत्यक्ष पाहणीत राडारोडा आढळून आला नाही’ असा शेरा पडला असता. मी फोन करून तारीख बदलून घेतली. अष्टमीला दुपारी ओहोटी मिळते. हे मात्र नक्की लक्षात ठेवा, पंचनाम्याची तारीख कॅलेंडरवर तिथी बघून घ्या.

पाहणीला तीन कार्यालयांची मिळून सात माणसं आली. एका तरुण कर्मचाऱ्याची चप्पल चिखलात रुतून राहिली, ती काढायला आणखी दोघं गुडघाभर आत गेले. मोजणी झाली, पंचनामा झाला, पंच म्हणून माझी आणि मावशीच्या मुलाची सही. सही करण्याआधी पंचनामा पूर्ण वाचा. पहिल्या मसुद्यात ‘झुडपे’ लिहिलं होतं. मी ‘तिवराची झाडे’ करून घेतलं, आणि ओहोळाचं तोंड बुजल्याची ओळ घालून घेतली. त्यावर त्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण घातली.

अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंद झाला. अज्ञातच, कारण डंपरच्या नंबरप्लेटला चिखल फासलेला असतो. हो, हे राहिलंच सांगायचं: एप्रिलमध्ये एका रात्री मी शौर्य दाखवायला टॉर्च घेऊन एकटी गेले होते. डंपरवाल्याने दिवे माझ्यावर रोखले आणि इंजिन नुसतं घरघरत ठेवलं. मी परत आले. तुम्ही जाऊ नका. खिडकीतून वेळ टिपा, दोन रात्रींच्या वेळा जुळल्या की १०० किंवा ११२ वर कळवा.

जूनच्या अखेरीस वाटेच्या तोंडाशी आडवा चर खणला, त्यामुळे डंपर आता आत येत नाही. पुढच्या आठवड्यात जेसीबी लावून ढीग उचलायला सुरुवात झाली. यादीतल्या नंबरातला उचलला, ओहोळाचं तोंड मोकळं झालं, पाणी आत जायला लागलं. दुसऱ्या नंबरातला अजून तिथेच आहे, त्याचं पत्र ‘पुढील कार्यवाहीस्तव’ कुठेतरी गेलं आहे. मी छत्री धरून उभी राहून डंपर मोजले. सतरा गेले. टाकले तेव्हा किती होते, ते मोजायचं सुचलं नव्हतं.