तुम्ही विचारलंत म्हणून: कोअर की आयटी?

"ताई, ई अँड टीसीला आहे. कोअर करू की आयटी? गेट देऊ का? चार वर्षांचा प्लॅन सांगा ना." ज्युनिअर विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, परवा लग्नाच्या पंगतीत एका काकांनी विचारलं. दर वेळी मी दोन वाक्यांत सुटका करून घेते. आज सगळं सांगते. ई अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन ही ब्रँच, कोअर म्हणजे ब्रँचच्याच विषयातली नोकरी, आणि गेट म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा.

सेमिस्टरवार तक्ता माझ्याकडे नाही, आणि तो मागितला की माझी चिडचिड होते. इलेक्ट्रॉनिक्स ही काही एकच नोकरी नाही. चिप डिझाइनला जायचं तर व्हेरिलॉग, म्हणजे सर्किट लिहून काढायची भाषा, पक्की हवी आणि बहुतेकदा एमटेक, म्हणून गेट. त्याचा स्कोअर ३ वर्षं चालतो, तेव्हा शेवटच्या वर्षी देऊन टाकावी. एम्बेडेडला, म्हणजे यंत्राच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरच्या कामाला, सी भाषा आणि डेटाशीट (पार्टचं माहितीपत्रक) वाचायची सवय. आरएफला, म्हणजे रेडिओ लहरींच्या कामाला, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, जे आपण पासिंगपुरतं करतो. यातलं काय हवं ते टीईपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत, कळलं नाही, तर तक्ता घेऊन करायचं काय?

पण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते वेगळंच. मी कॅम्पसला बसले का नाही?

सातव्या सेमला सगळ्या ब्रँच घेणारी मोठी आयटी कंपनी आली. कॉलेजचा नियम असा, की एक ऑफर हातात पडली की पुढच्या ड्राइव्हला बसायचं नाही. कोअर कंपन्या यायच्या जानेवारीनंतर, आल्या तर. मी फॉर्म भरला नाही. प्लेसमेंटच्या सरांनी केबिनमध्ये बोलावून सुनावलं, की तुझ्यासारख्यांमुळे कॉलेजची टक्केवारी पडते. घरी पप्पांनी एज्युकेशन लोनचं पासबुक टेबलावर ठेवलं आणि जेवायला बसले. एक शब्द बोलले नाहीत. नंतर कोअर कंपनी एकच आली, दोघांना घेऊन गेली. त्यात मी नव्हते. मैत्रिणींची जॉइनिंग लेटर आली तेव्हा मी पुण्यात कॉट बेसिसवर राहून मुलाखती देत होते. आई फोनवर जेवलीस का विचारायची, नोकरीचं विचारायची नाही. तेच जास्त लागायचं.

शेवटी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मुलाखत घेणाऱ्या सरांनी समोर बोर्ड ठेवला. लिथियम सेल, व्होल्टेज ठरावीक ठेवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर, वाय-फायवाली ईएसपी३२ चिप. वाय-फाय चालू झालं की बोर्ड रीसेट. म्हणाले, शोध. अर्धा वर्ग तयार प्रोजेक्ट विकत आणत होता तेव्हा मी बुधवार पेठेतून पार्ट आणून स्वतःचा बोर्ड बनवला होता, आणि तो नेमका असाच रीसेट व्हायचा. ३.३ व्होल्ट द्यायला या रेग्युलेटरला इनपुटला साधारण एक व्होल्ट जास्त लागतो. सेल ३.७ चा. वाय-फाय ट्रान्समिट करताना करंट एकदम चढतो, सप्लाय बसतो. मी व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्कोप मागितला, ३.३ च्या लाइनवर प्रोब लावला आणि प्रत्येक रीसेटच्या आधी पडणारा खड्डा त्यांना दाखवला. नोकरी मिळाली. पगार आयटीपेक्षा कमी.

तेव्हाची मी म्हणायची, आयटीत जाणं म्हणजे ब्रँचशी गद्दारी. माझी रूममेट त्याच आयटी कंपनीत गेली, तिला ऑटोमोटिव्हचा प्रोजेक्ट मिळाला, आज ती कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या नेटवर्कवर, काम करते. लोन तिनं माझ्याआधी फेडलं. तिचं चुकलं असं कुठल्या तोंडानं म्हणू? पण प्रोजेक्ट कुठला मिळेल हे तिच्या हातात नव्हतं. तिच्याच बॅचचे काही जण अजून सपोर्टच्या नाइट शिफ्ट करताहेत. मग माझं बरोबर होतं? स्कोपसमोर बसले की वाटतं, होतं. पप्पांचं ते न बोलता जेवणं आठवलं की नाही वाटत.

तेव्हा प्रोजेक्ट विकत घेऊ नका, एवढं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. कोअर की आयटी विचारायचं असेल, तर आधी लोन किती आहे आणि घरात कमावतं कोण ते सांगा. मग बोलू.