शेत विकले, पैसे आले, तरी नातीचे कर्ज तसेच

माझ्या सासूबाईंनी गेल्या वर्षी साताऱ्याजवळचे आपले शेत विकले आणि त्यातली काही रक्कम तीन नातवंडांमध्ये सारखी वाटली. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 18 लाख रुपये, म्हणजे आम्ही राहतो त्या इंग्लंडातल्या हिशेबाने 15,000 पाउंडांच्या आसपास आले. देताना त्यांनी एकच अट घातली होती, की या पैशातून आधी शिक्षणाचे कर्ज फेडायचे आणि उरले तर मग पुढचे बघायचे. कर्ज तिघांवरही होते. माझ्या थोरल्या मुलीने 2018 ते 2021 या काळात इंग्लंडात पदवी घेतली, धाकटा 2024 मध्ये इथल्याच एका विद्यापीठात दाखल झाला आणि पुतण्या भारतीय बँकेचे कर्ज काढून पुण्याहून इथे मास्टर्ससाठी आला होता. सासूबाईंच्या लेखी ही तिन्ही कर्जे एकच होती. खरे सांगायचे तर आम्ही कागद काढून बसेपर्यंत आमच्याही लेखी ती तशीच होती.

इंग्लंडात ज्यांचा इथला रहिवास पक्का आहे, अशा विद्यार्थ्यांना सरकार स्टुडंट लोन्स कंपनीमार्फत फीसाठी आणि राहण्याखाण्यासाठी कर्ज देते. भारतातून केवळ शिकायला आलेल्या मुलांना ते मिळत नाही. 2012 च्या सप्टेंबरपासून 2023 च्या जुलैपर्यंत ज्यांचे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांच्या कर्जाला ‘प्लॅन 2’ म्हणतात आणि माझी मुलगी त्यात मोडते. या कर्जाला हप्ता नावाची गोष्टच नाही. 2025-26 या वर्षासाठी 28,470 पाउंड ही उत्पन्नाची मर्यादा ठरलेली होती आणि तिच्यावर जेवढे उत्पन्न असेल त्याच्या 9 टक्के रक्कम पगारातून, आयकरासारखीच, आपोआप कापली जाते. पगार मर्यादेच्या खाली असेल किंवा नोकरी गेली तर कपात शून्य होते. परतफेड सुरू होण्याच्या एप्रिलपासून 30 वर्षे झाली की जे काही शिल्लक असेल ते माफ होते आणि कर्जदाराचा मृत्यू झाला तर वारसांकडे कोणी मागायला येत नाही. म्हणजे नाव कर्जाचे असले, तरी बहुतेकांच्या बाबतीत त्याची वागणूक ठरावीक मुदतीच्या करासारखी आहे. हे एकदा लक्षात आले की अचानक हाती आलेल्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्नच वेगळा दिसू लागतो.

कारण परतफेड ठरते ती उत्पन्नावर, मालमत्तेवर नव्हे. वारशाने आलेले पैसे, आजीने दिलेली भेट किंवा अगदी लॉटरीचे बक्षीस, यांपैकी काहीही इथल्या आयकर कायद्यात उत्पन्न समजले जात नाही. त्यामुळे खात्यात असे घबाड जमा झाले म्हणून परतफेड एका पेनीनेही वाढत नाही. इथलाच ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा सरकारी भत्ता घेणाऱ्याकडे 16,000 पाउंडांहून अधिक बचत जमली तर त्याचा भत्ता बंद होतो. विद्यार्थी कर्जाला मात्र बचतीशी देणेघेणे नाही. अपवाद आहे तो त्या पैशातून पुढे होणाऱ्या कमाईचा. ज्यांना ‘सेल्फ असेसमेंट’ पद्धतीने कर विवरणपत्र भरावे लागते, त्यांचे व्याज, लाभांश, घरभाडे असे पगाराबाहेरचे उत्पन्न वर्षाला 2,000 पाउंडांच्या वर गेले की ते परतफेडीच्या हिशेबात धरले जाते. मुलीच्या 15,000 पाउंडांवर 4 टक्के दराने वर्षाला 600 पाउंड व्याज मिळेल, म्हणजे ती या मर्यादेच्या आसपासही पोहोचत नाही.

सक्ती नसली तरी आजीची इच्छा म्हणून स्वखुशीने पैसे भरता आले असते आणि त्यावर दंडही नाही. तेव्हा आम्ही आकडे मांडले. मुलीच्या नावावर 48,000 पाउंडांचे कर्ज आहे आणि तिचा पगार वर्षाला 34,000 पाउंड आहे. मर्यादेच्या वरच्या 5,530 पाउंडांवर 9 टक्के म्हणजे वर्षाला 500 पाउंडांहून थोडी कमी, महिन्याला 41 पाउंड कपात होते. व्याजाचा दर किरकोळ महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेला असून उत्पन्न वाढेल तसा तो 3 टक्क्यांपर्यंत आणखी वाढतो. 2025 च्या सप्टेंबरपासूनच्या वर्षासाठी तो 3.2 ते 6.2 टक्क्यांच्या दरम्यान ठरला आणि तिच्या पगाराला साधारण 3.9 टक्के पडला. म्हणजे वर्षाला जवळजवळ 1,900 पाउंड व्याज चढते आणि 500 फिटतात. आजीचे 15,000 भरून कर्ज 33,000 वर आणले, तरी व्याज 1,300 च्या घरात राहते, म्हणजे कर्ज वाढतच जाते आणि पगारातली कपात तेवढीच, 41 पाउंडच राहते. पुढे पगार वाढेल, ही शंका मुलीच्या बाबांनी काढली आणि ती रास्त होती. म्हणून आम्ही 50,000 पाउंड पगार धरून पुन्हा हिशेब केला. तेव्हाही वर्षाची कपात 1,938 पाउंड आणि 33,000 वरचे व्याज त्याहून किंचित जास्तच निघाले. थोडक्यात, तिचे उरलेले कर्ज 2052 च्या एप्रिलमध्ये माफ होण्याची शक्यता बरीच मोठी आहे आणि तसे झाले तर आज भरलेले 15,000 पाउंड केवळ त्या दिवशी माफ होणारी रक्कम कमी करतील. मुलीच्या पदरात काहीच पडणार नाही. सरकारचा स्वतःचा सल्लाही हाच आहे, की मुदत संपण्याआधी सगळे कर्ज फिटेल असे वाटत असेल तरच जादा रक्कम भरावी.

शिवाय स्वखुशीने भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नाआधी, केवळ ‘सासरी कर्ज घेऊन जायला नको’ या भावनेने 10,000 पाउंड भरले. वर्षभरात तिने घर घ्यायचे ठरवले, तेव्हा तेच पैसे हवे होते आणि मिळाले नाहीत. इथले विद्यार्थी कर्ज पतनोंदीत दिसतही नाही. गृहकर्ज देणारी बँक पगारातून कपात किती होते एवढेच पाहते आणि ती कपात, वर सांगितल्याप्रमाणे, अर्धवट परतफेडीने कमी होत नाही.

याचा अर्थ प्रत्येक प्लॅन 2 कर्जदाराने पैसे दाबून बसावे, असा नाही. वर्षाला 80,000 पाउंड मिळवणाऱ्याची कपात 4,600 पाउंडांच्या वर जाते. तो मुदतीच्या बराच आधी व्याजासकट सगळे फेडणार, तेव्हा मोठी रक्कम एकदम हाती आली आणि संपूर्ण कर्ज मिटत असेल तर त्याचा खरोखरच फायदा होतो. दुसरी बाजू अशी की सरकार या कर्जाच्या अटी मागाहून बदलू शकते आणि तिकडे मी डोळेझाक करू इच्छित नाही. 2021 पासून 2025 पर्यंत उत्पन्नाची मर्यादा 27,295 पाउंडांवर गोठवून ठेवली गेली आणि महागाईने पगार वाढले तशी कपात वाढली. 30 वर्षांच्या माफीचे वचनही शेवटी सरकारी वचनच आहे. पण त्या भीतीपोटी आजच 15,000 पाउंड हातचे सोडणे आम्हाला पटले नाही. मुलीने त्यातले 4,000 ‘लाइफटाइम आयसा’ या बचत खात्यात घातले. तिथे पहिल्या घरासाठी त्या वर्षी घातलेल्या रकमेवर सरकार 25 टक्के, म्हणजे या 4,000 वर 1,000 पाउंडांची भर घालते. उरलेले पैसे पुढच्या वर्षांच्या भरण्यासाठी तिने बाजूला ठेवले आहेत.

धाकट्याचा हिशेब वेगळा आहे. 2023 च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना ‘प्लॅन 5’ लागू आहे. त्यात मर्यादा 25,000 पाउंड, व्याज फक्त महागाईएवढे आणि माफी 40 वर्षांनी. त्याचे 2068 साली. मर्यादा कमी आणि मुदत लांब असल्यामुळे त्याच्या पिढीतले पुष्कळ जण सगळे कर्ज फेडून मोकळे होतील. म्हणून त्याच्या बाबतीत ‘भरू नको’ असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याला नोकरीच लागायची आहे, तेव्हा निर्णयाची घाई कशाला?

पुतण्याच्या कर्जावर मात्र चर्चेला जागाच नव्हती. त्याचे 16 लाख रुपये भारतीय बँकेचे, व्याज साडेदहा टक्के, तारण दिरांचा पुण्यातला फ्लॅट आणि सहकर्जदार स्वतः दीर. नोकरी असो वा नसो, सवलतीचा काळ संपला की हप्ता सुरू होतो, तो चुकला तर बापलेक दोघांचीही पत बिघडते आणि माफीची तारीख कुठेच लिहिलेली नसते. तरत्या व्याजदराचे कर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडले तर दंड आकारायला रिझर्व्ह बँकेने 2014 पासून मनाई केलेली आहे. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते हे खरे, पण वजावटीसाठी साडेदहा टक्के व्याज भरत राहण्यात शहाणपण नाही. त्याने एकरकमी सगळे कर्ज फेडले आणि महिन्याभरात फ्लॅटची मूळ कागदपत्रे घरी आली.

सासूबाईंना मुलीचा निर्णय पटवून देण्याचे काम अर्थातच तिच्यावरच आले. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिने सगळा हिशेब सांगितला आणि कर्ज फिटो न फिटो, 2052 साली ते संपणार आहे, असे ठासून सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग राहिलेले पैसे कोण भरणार?”

“सरकार,” मुलगी म्हणाली.

“म्हणजे कर भरणारे. म्हणजे तुझे आईबाबा आणि तूच ना?”

त्यावर आमच्यापैकी कोणालाच उत्तर सुचले नाही. फ्लॅटची कागदपत्रे आणायला दीर बँकेत गेले, त्या दिवशी पेढे कोणत्या दुकानातून आणले, ते मग आजीने सविस्तर सांगितले.