जांभळी आणि नारिंगी

शेजारच्या ड्राइव्ह-वेवर उन्हाळाभर दोन गाड्या उभ्या असतात. एक जांभळी, एक नारिंगी. दोन्ही डॉज चॅलेंजर, म्हणजे क्रायस्लर कंपनीची दोन दारांची दणकट अमेरिकन गाडी. राहायला आलो त्या वर्षी मी ठामपणे सांगून मोकळी झाले होते की नारिंगी जुनी आणि जांभळी तिची कुठलीशी स्वस्त नक्कल. नवऱ्याने कपाळाला हात लावला. जांभळी 1970ची होती, नारिंगी 2008ची.

आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. इथे निम्मी गल्ली कुठल्या ना कुठल्या गाडीच्या कंपनीत कामाला. गणपतीत प्रसादाच्या रांगेतसुद्धा सस्पेन्शनच्या गप्पा चालतात. त्यामुळे माझी ही चूक मंडळात बरीच फिरली. पण मला अजूनही वाटतं की मी चुकले त्यात माझा दोष नव्हता. नारिंगी तशीच बनवली होती.

जांभळी शेजारच्या आजोबांची, नारिंगी त्यांच्या मुलाची. (आजोबा म्हणते ती मी. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, माझी जीभ वळत नाही.) एकदा आजोबांनी मला दोन्हींच्या मधे उभं केलं आणि म्हणाले, चाकं बघ. जांभळीची चाकं लहान आणि आत सरकलेली, मोठ्या भावाची पँट घातलेल्या पोरासारखी. नारिंगीची 20 इंची, पत्र्याच्या कडेपर्यंत येऊन टेकलेली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जुनीचं 110 इंच, नवीचं 116. वजन साडेअठराशे किलोंच्या वर. जुनीच्या शेजारी नवी उभी राहिली की धाकटी बहीण थोरलीपेक्षा अंगाने थोराड निघावी तसं दिसतं.

नवीचं मूळ चित्र मायकेल कॅस्टिग्लिओनी या डिझायनरचं. क्रायस्लरच्या कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडच्या स्टुडिओत त्यांनी 1970ची खरी चॅलेंजर आणून ठेवली होती, आणि 2006च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये नमुना लोकांपुढे आला. खाली सांगाडा क्रायस्लर 300 या चार दारांच्या गाडीचा, चार इंचांनी आखूड केलेला. आजीच्या पैठणीचे काठ काढून नव्या कापडाला लावतात, तसलाच उद्योग. फक्त इथे काठ जुने नव्हतेच, आठवून नव्याने विणले होते. समोरची जुनी गाडी हुबेहूब उतरवली असती तर चाकंही तशीच पोरकट आली असती. तसं झालं नाही. मुलांच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये ती जशी दिसायची, तशी ती काढली गेली.

इंजिनाचंही तेच. जांभळी पाहून दर दुसरा माणूस विचारतो, "हेमी आहे का?" हेमी म्हणजे 426 घनइंचांचं ते दांडगं इंजिन. आजोबा शांतपणे सांगतात, "318." म्हणजे आठ सिलिंडरचं साधं, घरगुती व्ही-एट. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. खरं तर पहिल्या वर्षीच्या 75 हजारांहून जास्त चॅलेंजरपैकी हेमीवाल्या चारशेसुद्धा नव्हत्या. पण लोकांच्या आठवणीत मात्र सगळ्या हेमीच! मग 2008ला नवी आली ती फक्त हेमी याच नावाचं नवं इंजिन घेऊन आली, आणि ताकदही बरोबर 425 हॉर्सपॉवर, जुन्या हेमीच्या जाहिरातीत छापलेला तोच आकडा. (मोजायची पद्धत दरम्यान कडक झाली, म्हणजे नवी प्रत्यक्षात जास्तच दमदार.)

मधल्या काळाबद्दल कोणी बोलत नाही. 1974ला जुनी बनवणं बंद झालं: विम्याचे हप्ते, धुराचे नियम आणि वर तेलाचं संकट. पुढे काही वर्षं चॅलेंजर हेच नाव चिकटवून मित्सुबिशीची जपानी गाडी इथे विकली. आजोबांसमोर हा विषय काढू नये.

एक गोष्ट मात्र नवीला जमली नाही. जुनीला दाराच्या मागे छताला टेकू देणारा खांबच नाही. पुढची-मागची काच खाली केली की अख्खी बाजू उघडी, ओसरीवर बसल्यासारखं. नवीत खांब आला आणि मागची काच कायमची बंद. नमुन्यात खांब नव्हता, कारखान्यापर्यंत येता येता आला. मुलगा म्हणतो, सुरक्षा. आजोबा काही म्हणत नाहीत, नुसतं कोपर बाहेर काढून दाखवतात.

नारिंगीला ते "ती कॅनडावाली" म्हणतात, कारण ती ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टनला बनली. जांभळी इथलीच, अर्ध्या तासावरच्या हॅमट्रॅमॅकच्या डॉज मेन कारखान्यातली. आजोबा तेव्हा तिथेच कामाला होते. तो कारखाना 1980ला बंद झाला, मग पाडला. आता त्या जागी जनरल मोटर्स विजेवरच्या गाड्या बनवते.

गेल्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरली तेव्हा त्यांनी मला जांभळीत बसवलं. चारी काचा खाली. नवऱ्याला मुलाने नारिंगीत घेतलं आणि ते मागे लागले. फर्नडेलच्या सिग्नलला सगळे खोळंबलो होतो. आजोबा बराच वेळ आरशात बघत बसले. मागे नारिंगी, नाक वर करून उभी.

"आणली तेव्हा ही अशीच दिसायची," असं म्हणत त्यांनी जांभळीच्या स्टिअरिंगवर थाप मारली.

सिग्नल हिरवा झाला. मागून मुलाने हॉर्न वाजवला.