गुंजेचा डिंक आणि अंधारातला गणपती

बालीला आम्ही बडोद्याहून चौघं गेलो होतो: मी, हे, आमची लेक आणि सासूबाई. सहा दिवसांतला समुद्र, सूर्यास्त वगैरे सगळं छानच होतं, पण मनात घर करून राहिला तो देनपसारहून उबुदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक दिवस. या रस्त्यावर एकेका कलेचं एकेक गाव आहे. सकाळी गाईडने हात जोडून ‘ओम् स्वस्त्यस्तु’ म्हटलं आणि आईंनी लगेच हात जोडले. दिवसभर मग तो आईंनाच सगळं समजावून सांगत होता. तो घरातला थोरला. इथे पहिल्या मुलाला बहुधा वायन म्हणतात, दुसऱ्याला मादे, तिसऱ्याला न्योमान, चौथ्याला केतुत, हे त्याने गाडी सुरू होताहोताच सांगितलं.

बातुबुलान हे दगडी मूर्तींचं गाव आम्ही गाडीतूनच पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राक्षस, द्वारपाल, बुद्ध आणि गणपती ओळीने उभे होते, काहींचे चेहरे अजून कोरायचे होते.

चेलुकला मात्र आम्ही दीड तास रमलो. हे चांदीकाम करणाऱ्यांचं गाव. धातुकाम करणाऱ्या घराण्यांना इथे पांडे म्हणतात. आधी आम्हाला एका मोठ्या शोरूममध्ये नेलं. तिथल्या किमती ऐकून आम्ही गाईडला म्हटलं, खरेदीचं नंतर बघू, आधी काम करताना बघायचंय. तुम्ही गेलात तर हे आवर्जून सांगा. मग तो आम्हाला मागच्या गल्लीतल्या एका घरी घेऊन गेला. ओसरीवर एक कारागीर पायाने पंप दाबत होता आणि हातातल्या नळीच्या ज्योतीवर चांदीच्या तारेचे बारीक तुकडे वितळवत होता. वितळला की तुकडा आपोआप गोल होतो आणि मोहरीपेक्षाही लहान मणी तयार होतो. असे शेकडो मणी एकेक करून कर्णफुलावर बसवायचे आणि मग डाग देऊन, म्हणजे तापवून सांधून, पक्के करायचे. पण डाग देईपर्यंत ते जागेवर राहतात कसे? लेकीने हे विचारल्यावर त्याने एक वाटी पुढे केली. वाटीत लालभडक, टोकाला काळ्या अशा बिया होत्या. त्या दगडावर पाण्यात उगाळून त्यांचा डिंक करतात.

“अगं, ही तर गुंज!” आई जवळजवळ ओरडल्याच.

आईंचे वडील सोनार होते. मांडवीजवळच्या त्यांच्या दुकानात काचेच्या डबीत गुंजा असायच्या, सोनं तोलायला. लहानपणी त्या डबीला हात लावला की आईंना ओरडा बसायचा, एक तर वजनाच्या म्हणून आणि दुसरं म्हणजे विषारी म्हणून. आमच्याकडे गुंज तराजूत बसली, यांच्याकडे दागिन्यात उतरली. आईंनी हे सगळं मराठीत सांगितलं, गाईडने इंग्रजीतून ऐकून बालीत सांगितलं आणि त्या कारागिराने हसून दोन गुंजा आईंच्या तळहातावर ठेवल्या.

पुढचं बातुआन हे चित्रांचं गाव. कागदावर सुईच्या टोकाएवढीही जागा मोकळी सोडायची नाही, ही इथली रीत. पान, मासा, माकड, लाट, सगळं एकमेकांत गुंतलेलं. आधी शाईच्या रेषा, मग शाईच्याच पातळ थरांवर थर देत छाया आणि रंग सगळ्यात शेवटी. 1930च्या दशकात ही शैली आकाराला आली. मला आमच्या रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्याच्या भिंती आठवल्या, तिथेही चित्रकाराने कोपरा म्हणून सोडलेला नाही.

मासचा अर्थ सोनं, पण गाव लाकूडकामाचं. कारागीर मांडी घालून बसतात, ओंडका तळपायांत धरतात आणि छिन्नी चालवतात. आमच्याकडच्या संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लाकडावर लाख चढवून ती केवड्याच्या पानाने चमकवतात, ते आम्ही कितीदा पाहिलंय. इथे रंग नाही, लाकडाच्या मूळ रेषाच मूर्तीच्या गालावर, खांद्यावर येतील असं कोरायचं. गाईड म्हणाला, दर 210 दिवसांनी येणाऱ्या तुंपेक लांदेप या दिवशी अवजारांची पूजा असते, हल्ली गाड्यांचीही. “म्हणजे खंडेनवमीच की,” आई म्हणाल्या.

उन्हं कलायला लागली तेव्हा बेदुलुला पोचलो. गोआ गाजा म्हणजे हत्तीची गुहा. दोन्ही शब्द संस्कृतातलेच, गुहा आणि गज, पण बालीत हत्ती नव्हते. 1365च्या नागरकृतागम या जावाच्या काव्यात ‘ल्वा गजा’ असं या जागेचं नाव येतं. गुहा साधारण अकराव्या शतकातली मानतात. कमरेला सारोंग गुंडाळून पायऱ्या उतरलो. समोर आधी दिसलं ते कुंड. ते मातीखाली गाडलं गेलं होतं, 1954 साली उकरून काढलं. सहा पाषाणस्त्रिया पोटाशी धरलेल्या पात्रांतून पाणी सोडत उभ्या आहेत. गुहेचं दार म्हणजे कातळात कोरलेल्या अक्राळविक्राळ चेहऱ्याचा उघडा जबडा, भोवती पानं, प्राणी आणि लाटा.

आत गारवा, उदबत्तीचा धूर आणि काळोख. थोडं सरळ गेलं की वाट डावी-उजवीकडे फुटते. उजव्या टोकाला वस्त्रं गुंडाळलेली तीन लिंगं आहेत, ब्रह्मा-विष्णु-शिवाची म्हणतात. डाव्या टोकाला, झिजलेला, चार हातांचा, बसका गणपती.

आमच्याकडे दांडिया बाजारात दहा दिवस गणपती म्हणजे दिवे, ढोल, आरतीची गर्दी. इथे आवाज होता तो फक्त आमच्या श्वासांचा. आईंनी अगदी हळू अथर्वशीर्ष म्हटलं. आम्ही तिघं मागे उभे होतो. गाईडही डोळे मिटून उभा राहिला.

म्हणून झाल्यावर आईंनी पर्सची चेन उघडली. मूर्तीपुढे नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात कुणीतरी सकाळी वाहिलेली फुलं होती. आईंनी गाईडकडे पाहिलं, त्याने मान हलवली. मग त्यांनी त्या दोन गुंजा फुलांच्या शेजारी ठेवल्या.